भिंतीवरील ठिपका आणि फळ्यावरील झोपडी
(कलाशिक्षण : अभ्यासलेख व पाठाची रूपरेषा)

१. प्रास्ताविक

चित्रकलेच्या तासाचा विषय निघाला की आपणांपैकी पुष्कळांच्या मनात संकोच उत्पन्न होतो. "आम्हांलाच चित्र काढता येत नाही, तेव्हा मुलांना काय शिकवावे?" असा प्रश्न केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी अनेकदा ऐकला आहे. प्रश्न प्रामाणिक आहे. मीही मूळचा प्राथमिक शिक्षकच. अध्यापक विद्यालयात शिकलेले फलकलेखन एवढीच माझी या विषयातील पुंजी.

अशा माणसाने गेल्या उन्हाळी सुट्टीत एक चित्र रंगविले, आणि तेही अमूर्त. ते चित्र सामान्य आहे, हे प्रारंभीच सांगून टाकतो. परंतु ते काढीत असताना, शाळा-तपासणीत माझ्या हातून घडलेली एक चूक मला स्पष्ट दिसली. ती चूक शेरेबुकात लिहिली गेल्यामुळे तिचा परिणाम एका संपूर्ण वर्गाला भोगावा लागला होता. तिची कबुली देणे आणि तीतून निघणारा पाठ शिक्षक बंधुभगिनींपुढे ठेवणे, हा या लेखाचा हेतू आहे.

२. एक शेरा

काही वर्षांपूर्वी माळावरील एका लहान शाळेस भेट देण्याचा योग आला. चौथीचा वर्ग होता. चित्रकलेचा तास चालू होता. वर्गाच्या बाईंनी 'पहिला पाऊस' हा विषय दिला होता. मुलांनी कागद भरून निळे, तपकिरी, काळे पट्टे ओढले होते. कोठे ढग नाही, छत्री नाही, घर नाही. एका मुलास मी विचारले, "हे काय काढले आहेस?" तो म्हणाला, "पाऊस." मी म्हटले, "यात पाऊस कोठे आहे?" मुलाने एकवार कागदाकडे पाहिले आणि तो पाठीमागे लपविला.

शेरेबुकात मी लिहिले : "चित्रकलेच्या तासाला विद्यार्थी कागदावर केवळ रंग फासताना आढळले. फळ्यावर नमुना-चित्र देऊन आकारांचा सराव घ्यावा."

पुढील वर्षी त्याच शाळेत गेलो. माझ्या सूचनेचे तंतोतंत पालन झाले होते. भिंतीवर २८ चित्रे ओळीने लावली होती. प्रत्येकात दोन डोंगर, डोंगरांमधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी, झोपडीशेजारी नदी आणि नदीकाठी माड. ज्या गावात माड औषधालाही सापडत नाही आणि नदी फक्त पावसाळ्यात वाहते, त्या गावातील २८ मुलांनी एकच माड व एकच नदी काढली होती. त्या दिवशी मी समाधानाने मान हलविली, हे सांगताना आज खेद वाटतो.

३. रझा यांचा बिंदू

चित्रकार सय्यद हैदर रझा यांच्या चित्रांच्या छापील प्रतिकृती मी प्रथम एका ग्रंथालयातील पुस्तकात पाहिल्या. चौकोनात एक मोठे काळे वर्तुळ, भोवती तांबड्या, पिवळ्या, निळ्या रंगांचे पट्टे व त्रिकोण. ते चित्र मनातून जाईना. त्यामागची हकिकत वाचल्यावर तर ते शिक्षकाच्याच घरातील चित्र आहे असे वाटू लागले.

रझा यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी, आज मध्य प्रदेशात असलेल्या मंडला जिल्ह्यात झाला. वडील वनखात्यात नोकरीस असल्यामुळे बालपण नर्मदेच्या खोऱ्यातील जंगलांत गेले. गावच्या प्राथमिक शाळेत या मुलाचे लक्ष एका ठिकाणी ठरत नसे. तेव्हा त्यांचे शिक्षक नंदलाल झारिया यांनी शाळेच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे एकाग्रतेने पाहत राहण्यास सांगितले. ही आठवण रझा पुढे आयुष्यभर सांगत असत.

नागपूरच्या कलाविद्यालयात व नंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. १९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' या मंडळाच्या संस्थापकांत सूझा, आरा, हुसेन, गाडे व बाकरे यांच्यासमवेत रझाही होते. १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते फ्रान्सला गेले व पुढील सुमारे सहा दशके तेथेच राहिले. १९५६ मध्ये तेथील कलासमीक्षकांचे मानाचे पारितोषिक त्यांना मिळाले. आरंभी त्यांनी निसर्गदृश्ये व गावांची चित्रे काढली. पुढे घरांच्या व झाडांच्या कडा विरघळत गेल्या आणि रंगच उरले. कीर्ती मिळाली, परंतु समाधान मिळेना. सत्तरच्या दशकात त्यांनी भारताच्या वारंवार यात्रा केल्या, स्वतःची मुळे शोधली, आणि सुमारे १९८० पासून त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी बिंदू स्थिर झाला. २०१० च्या अखेरीस ते भारतात परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले.

शिक्षकाने या चरित्रातील एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. भिंतीवरील ठिपका आणि चित्रातील बिंदू यांच्यामध्ये सुमारे अर्धशतकाचे अंतर आहे. त्या ठिपक्याच्या फलाची नोंद कोणत्याही निकालपत्रकात होणे शक्य नव्हते. शिवाय, त्या शिक्षकाने ठिपका दिला तो उतरवून घेण्यासाठी दिला नाही. तो पाहण्यासाठी दिला. फळ्यावरील झोपडी आणि भिंतीवरील ठिपका यांत हाच मूलभूत भेद आहे. झोपडी मुलाला सांगते, "माझ्यासारखे काढ." ठिपका सांगतो, "पाहा." पहिल्या आज्ञेत काम हाताला आहे, दुसरीत ते मनाला आहे.

४. माझा प्रयत्न

मी ६० सेंटिमीटर बाजूचा जाड पुठ्ठा घेतला, त्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, मध्यभागी टाचणी रोवून दोऱ्याने वर्तुळ आखले आणि बाजारात मिळणाऱ्या तयार काळ्या रंगाने ते भरून टाकले. भोवती रझा यांच्या चित्रातल्याप्रमाणे तांबडे, पिवळे व निळे पट्टे दिले. दुसऱ्या दिवशी चित्र भिंतीस टेकवून दूर उभा राहिलो. चित्र मेलेले होते. का मेलेले होते, याचा शोध घेताना तीन गोष्टी कळल्या.

पहिली गोष्ट जागेची. अचूक मध्यावर काढलेले वर्तुळ किंचित खाली घसरल्यासारखे दिसते. डोळ्यांचा मध्य भूमितीच्या मध्यापेक्षा थोडा वर असतो. सूचनाफलकावर कागद लावताना खालची मोकळी जागा वरच्यापेक्षा थोडी अधिक ठेवली तर कागद नीट दिसतो, हे आपण अनुभवाने जाणतोच. त्याचे कारण हेच.

दुसरी गोष्ट काळ्या रंगाची. एकाच बाटलीतील काळा सर्वत्र सारखा लावला की पुठ्ठ्याला भोक पडल्यासारखे दिसते. रझा काळ्या रंगाला इतर सर्व रंगांची जननी मानीत. त्यांच्या अनेक बिंदूंत काळ्याच्याच कमीअधिक गडद छटा एकात एक असतात. मी तयार काळा बाजूस ठेवला. गडद निळा व तपकिरी एकत्र करून काळपट रंग तयार केला. निळा अधिक पडला की तो थंड दिसे, तपकिरी अधिक पडला की उबदार. पातळ थर एकावर एक देत गेलो, तसतशी वर्तुळाला खोली येऊ लागली.

तिसरी गोष्ट शेजाराची. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधील गोब्लँ या प्रसिद्ध गालिचे-कारखान्याच्या रंगशाळेचे प्रमुख शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ होते. विणकामातील काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. धागा तपासता रंगात दोष आढळला नाही. दोष शेजारच्या रंगांचा होता. निळ्या-जांभळ्याशेजारी तोच काळा निस्तेज दिसत होता. या शोधावरील त्यांचा ग्रंथ १८३९ साली प्रसिद्ध झाला. माझ्या चित्रातही काळ्यालगत निळा पट्टा होता. तेथे मी मातकट पिवळा आणला, आणि वर्तुळ एकदम पुढे आले.

तीनही दोष दूर केले. तरीही समाधान होईना. चित्र आता जिवंत दिसत होते, परंतु ते माझे नव्हते. रझा यांच्या बिंदूमागे मंडल्याचे जंगल, तेथील रात्र आणि शाळेची भिंत होती. माझ्या वर्तुळामागे काय होते? ग्रंथालयातील एक पान. जी चूक २८ मुलांनी माझ्या शेऱ्यामुळे केली होती, तीच पन्नाशी उलटलेला मी स्वतः होऊन करीत होतो. थोर चित्रकाराचा बिंदू ही माझी झोपडी झाली होती.

तेव्हा कुंचला खाली ठेवून मी आठवू लागलो, की माझ्या लहानपणी मी पुष्कळ वेळ कशाकडे पाहत असे. उत्तर यावयास तीन दिवस लागले. आमच्या शेतात दगडी बांधणीची गोल विहीर होती. आडवे पडून, कठड्यावरून फक्त डोके पुढे काढून मी आत पाहत असे. घरच्यांनी पाहिले की बोलणी खावी लागत. श्रावणात पाणी वर असे व काळे वर्तुळ मोठे दिसे. चैत्र-वैशाखात ते खाली खाली जाऊन परातीएवढे होई. त्या काळ्यात कोठेतरी आकाशाचा एक तुकडा हलत असे.

मी नवा पुठ्ठा घेतला. या वेळी वर्तुळ लहान काढले, कारण मला वैशाखातील विहीर हवी होती. भोवती दगडी थरांचे मातकट, करडे पट्टे आले. त्यांतील दगड मी काढले नाहीत, केवळ आत जाताना गडद होत जाणारा रंग ठेवला. कठडा वगळला, रहाट वगळला, दोर वगळला. काळ्यात आकाशासाठी फिकट करड्याचा एकच फटकारा ठेवला. एवढे करण्यास आठ दिवस लागले, आणि त्यांतील बहुतेक वेळ काय ठेवावे यापेक्षा काय वगळावे या विचारात गेला.

अमूर्त चित्र म्हणजे न पाहता काढलेले चित्र, असा माझा समज होता. तो खोटा ठरला. निदान मला जे उमगले ते असे की अमूर्त चित्र हे पुष्कळ पाहून, पुष्कळ वगळून मागे उरलेले चित्र असते. ज्याने पाहिलेच नाही त्याला वगळता येत नाही.

चित्र कार्यालयात आणले. एका सहकाऱ्यांनी त्यास तवा म्हटले, दुसऱ्यांनी बैलगाडीचे चाक म्हटले, शिपायाने बराच वेळ पाहून, "साहेब, ग्रहण आहे का?" असे विचारले. विहीर कोणीही म्हटले नाही. मात्र "यात विहीर कोठे आहे?" असे कोणी विचारले असते, तर मीही तो पुठ्ठा पाठीमागे लपविला असता. त्या क्षणी माळावरच्या शाळेतील तो मुलगा मला आठवला. पहिल्या पावसाच्या वेळी छत्री व झोपडी दिसत नाही. डोळ्यांपुढे निळे, तपकिरी, काळे पट्टेच येतात. त्याने पाहिले होते. मी पाहिले नव्हते.

५. पाठाची रूपरेषा : 'पाहणे व वगळणे'

इयत्ता : चौथी. तासिका : दोन, लागोपाठच्या दिवशी.

उद्देश : (अ) एकाच वस्तूकडे स्थिरपणे पाहण्याची सवय लावणे. (आ) पाहिलेल्यातील एक विशेष निवडणे. (इ) तो विशेष वस्तूची बाह्यरेषा न काढता रंगांनी व्यक्त करणे.

साहित्य : शाळेतील पाण्याचा मातीचा रांजण किंवा माठ, मध्यभागी ३ सेंटिमीटरचे चौकोनी छिद्र पाडलेले जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे तुकडे, कागद, रंग. विकतचे रंग नसल्यास काव, पिवडी, खडूची पूड, थोडी नीळ व काजळी पुरेशी आहेत. हे रंग बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवावेत. काजळी पाण्यावर तरंगते. म्हणून ती प्रथम घट्ट डिंकात खलावी. हे काम शिक्षकानेच आदल्या दिवशी करून ठेवावे. केवळ काजळीचा काळा निर्जीव दिसतो. त्यात किंचित नीळ किंवा काव मिसळावी. हळद वापरल्यास ती उन्हाने उडते, हे मुलांना सांगावे. पांढऱ्यासाठी चुना वापरू नये. त्याने त्वचा व डोळे यांस इजा होते, आणि हळदीत मिसळल्यास पिवळ्याचा तांबडा होतो.

पहिली तासिका : मुलांना रांजणाभोवती गटागटाने बसवावे. प्रत्येकाने पुठ्ठ्याच्या खिडकीतून, न बोलता, पाच मिनिटे पाहावे. आरंभी चुळबुळ होईल. शिक्षकाने स्वतः खिडकी डोळ्यांशी धरून पाहावयास बसावे, म्हणजे ती थांबते. नंतर वर्गात येऊन मुलांना जे दिसले ते शब्दांत सांगू द्यावे व फळ्यावर लिहावे. पाणी जेथवर आहे तेथवर रांजण ओला व गडद दिसतो. वर कोरडा व फिका असतो. तळाशी शेवाळ असते. तोंडाशी आत अंधार असतो. अशा गोष्टी मुले आपण होऊन सांगतील. पाझरणे व बाष्पीभवन यांचा संबंध येथे सहज जोडता येईल. शेवटी विचारावे : "यातील एकच गोष्ट ठेवावयाची झाली, तर तुम्ही कोणती ठेवाल?" प्रत्येकाने आपली निवड वहीत एका ओळीत लिहावी.

दुसरी तासिका : त्या ओळीचे चित्र काढावयाचे. बंधने दोनच : रंग तीनपेक्षा अधिक नकोत आणि रांजणाची बाह्यरेषा काढावयाची नाही. फळ्यावर शिक्षकाने काहीही काढू नये. मुलाने अडून विचारल्यास, "पुन्हा एकदा पाहून ये," एवढेच सांगावे. शेवटच्या दहा मिनिटांत चित्रे व्हरांड्यात दोरीवर लावावीत आणि ज्याला इच्छा असेल त्याने आपल्या चित्राविषयी एक वाक्य सांगावे.

सावधगिरी : (१) "हे काय आहे?" असे विचारू नये. "याविषयी सांग," असे म्हणावे. पहिल्या प्रश्नात मूल आरोपी होते, दुसऱ्यात ते सांगणारा होते. (२) एखाद्या मुलाने बंधन मोडून संपूर्ण रांजण, पेला आणि पाणी पिणारी बहीण काढली, तर तेही स्वीकारावे. मूर्त चित्र कनिष्ठ नाही. (३) सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रझा यांचे चित्र नमुना म्हणून देऊ नये. ते दाखवावयाचे असल्यास दुसरी तासिका संपल्यावर दाखवावे. नाहीतर झोपडीच्या जागी बिंदू येईल, आणि २८ झोपड्यांऐवजी २८ बिंदू भिंतीवर लागतील.

मुलांना असले आकार परके वाटतील ही भीती बाळगण्याचे कारण नाही. दारापुढची ठिपक्यांची रांगोळी कशाचेही हुबेहूब चित्र नसते, तरीही तिच्यातील एक ठिपका चुकला तर ते आईच्या आधी मुलीच्या ध्यानात येते. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्यांवर वारली भगिनी संपूर्ण विवाहसोहळा भिंतीवर उभा करतात.

६. नोंद कशी करावी

आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींत कलेच्या रकान्यात बहुधा "प्रगती समाधानकारक" किंवा "चित्रे छान काढतो" अशी वाक्ये आढळतात. त्यांवरून मुलाविषयी काहीच कळत नाही. नोंद पुढीलप्रमाणे असावी :

"ओल्या व कोरड्या मातीच्या रंगातील फरक निरीक्षणाने ओळखते व दोन छटांत दाखविते."

"रांजणाच्या तोंडातील अंधार निवडला, त्यासाठी काळ्यात निळा मिसळून पाहिला."

"चित्र अपुरे राहिले, परंतु कारण विचारता 'पाणी संपले' असे सांगितले. पुन्हा संधी द्यावी."

अशी नोंद करावयास मुलाजवळ दोन मिनिटे बसावे लागते. मोठ्या पटाच्या वर्गात सर्वांची नोंद एका दिवशी होणार नाही. दर आठवड्यास पाच मुले घ्यावीत.

७. समारोप

शाळा उघडल्यावर मी माळावरील त्या शाळेत गेलो. शेरेबुकातील जुना शेरा खोडता येत नाही आणि खोडूही नये. त्याखाली दिनांक घालून मी लिहिले : "चित्रकलेविषयीची माझी पूर्वीची सूचना चुकीची होती. ती या शेऱ्याने मागे घेत आहे. 'पहिला पाऊस' हा पाठ योग्य होता." बाईंनी ते दोनदा वाचले. मग त्या म्हणाल्या, "साहेब, ती मुले तर केव्हाच हायस्कूलला गेली." यावर मजजवळ उत्तर नव्हते.

शेरा लिहिणाऱ्याने आणि फळ्यावर लिहिणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावे. आपले एक वाक्य दुरुस्त करता येते. त्या वाक्याखाली गेलेले मुलाचे वर्ष परत देता येत नाही. उलटपक्षी, योग्य वेळी भिंतीवर काढलेला एक ठिपका पन्नास वर्षे पुरतो. दोहोंस खडू एकच लागतो.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत फळ्यावरून उतरवून घेतली जाणारी चित्रे कोणती? त्यांतील किती वस्तू आपल्या गावात प्रत्यक्ष आढळतात?

२. लहानपणी आपण स्वतः पुष्कळ वेळ कशाकडे पाहत होता? त्याचे एक चित्र, शक्य तितके वगळून, काढून आणावे. चित्राखाली नाव लिहू नये.

३. रांजणाऐवजी आपल्या गावात सहज उपलब्ध असलेली कोणती वस्तू या पाठासाठी घेता येईल? तिच्यावर आधारित पाठाचे टाचण तयार करावे.